गादीपाट

दावलसाब जमादार पहिल्यांदा माझ्या कारखान्यात आले
तेव्हा वाटलं, चादरी हव्या असतील.
त्यांनी खिशातून मायक्रोमीटर काढला,
मागावरच्या कापडाची कड त्यात धरली,
स्क्रू फिरवला,
आणि म्हणाले, "पातळ पडतंय ओ, आशण्णा."

भद्रावती पेठेत कापड चाचपणारे खूप पाहिले.
उजेडात धरणारे, भाव पाडायला नाक मुरडणारे.
चिमट्यात दाबून बघणारा हा पहिला.

मग कळलं, आजोबांचं पिस्तूल आहे. ठासणीचं,
परवान्याचं. महिन्यातल्या एका रविवारी
गावाबाहेरच्या चांदमारीवर उडवायचं.
आधी दारू, मग चिंधी, चिंधीवर शिशाची गोळी,
मग गज.
गोळी नळीपेक्षा केसभर बारीक असते,
तो केस भरायचा कापडानं.
"बाकी सगळं आजोबांनी ठेवलंय," ते म्हणाले,
"केस तेवढा तुम्ही द्या."

मी गादीपाट दिला, घट्ट विणीचा, निळ्या पट्ट्यांचा.
सांगितलं, आधी खळ काढा, उकळत्या पाण्यात दोनदा,
खळ राहिली की करपतं.
मी इस्त्रीबद्दल बोलत होतो.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

वर करडईचं तेल आणि मेण.
मार्चपासून मेण जास्त,
इथल्या उन्हात नुसतं तेल कापडात थांबत नाही.

दारू ते गुंजांवर तोलतात,
सराफाचा जुना काटा, लाल-काळ्या बिया.
सात गुंजांना गोळी पाटीच्या पायाशी.
आठ. नऊ.
दहाला असा बार झाला
की पलीकडच्या वस्तीतली कुत्री उठली,
आणि गोळी कुठं गेली कोणास ठाऊक.
"आवाज वाढला की वाटतं, जमलं," दावलसाब म्हणाले,
"बघावं तर कागद कोरा."

पण मला सांगायचंय ते चिंध्यांचं.
गोळीला सोडून त्या दहा-बारा पावलांवर पडतात.
दावलसाब वाकून वाकून वेचतात
आणि सोमवारी शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यातून
माझ्याकडे आणतात.
"ही मधोमध जळाली. दारू जास्त, का वीण विरळ?
ही कडेनं चिरली. ती नळीच्या तोंडाची धार,
तुमचा दोष नाही."
मी चष्मा लावून धागे मोजतो.
बाणा तुटलाय. ताणा शाबूत.

पस्तीस वर्षं विणतोय मी.
टॉवेल गेले, कुठल्या देशात कोणाची पाठ पुसली,
चादरी गेल्या, त्यांत कोण तापानं कण्हलं,
गेलं ते गेलं. एकही कापड परत आलं नाही
आपलं काय झालं ते सांगायला.
रुपयाएवढी ही काजळलेली चकती तेवढी येते,
दारूचा वास घेऊन.

मी फणीत धागे वाढवले. बाण्याला पीळ चढवला.
बायको म्हणाली, अर्ध्या मीटरसाठी माग अडवलात,
आता भाकरीबरोबर चिंध्या वाढू का?
तिचंही बरोबर.

एकदाच, साडेआठ गुंजांना, एक चिंधी आली.
मधे राखाडी वर्तुळ,
भोवती नळीतल्या आट्यांच्या सहा रेघा,
एक धागा तुटलेला नाही.
धुऊन पुन्हा वापरता आली असती.
आम्ही दोघं काही बोललो नाही.
चहा निवला, त्यावर साय धरली.

मग निवडणूक लागली.
हत्यारं जमा करा, असा हुकूम आला.
पिस्तूल आता ठाण्याच्या कपाटात,
गळ्यात नंबराची चिठ्ठी.

सोमवारी दावलसाब तरीही आले.
डबा रिकामा. झाकण उघडून दाखवलं, उगाच.
मग खिशातून मायक्रोमीटर.
मी माग थांबवला,
कड त्यांच्याकडे सरकवली.
स्क्रू हळूहळू फिरला, टक्‌ झालं.
"हां," ते म्हणाले. "आता बगा. केसभर."